पाच फुटांच्या आत

डुलुथला फेब्रुवारीत सरोवर गोठतं
आणि आम्ही तळघरात उतरतो,
सारींच्या हार्डवेअर दुकानाखाली,
जिथे बॉयलर रात्रभर खोकतो
आणि रंगाच्या डब्यांवर उन्हाळ्यातली धूळ तशीच असते.
खेळ मी चालवतो. राक्षस माझे, भुयारं माझी,
वही माझी. कॉफी मार्लिसची.

मार्लिस चोर आहे.
म्हणजे दिवसा वृद्धाश्रमात चादरी बदलते,
गुरुवारी रात्री तिचं नाव थिसल,
कमरेला दोन खंजीर, अंगावर पातळ चामडं,
एक गदा नीट बसली की संपली.

पहिल्या वर्षी मी तिला समजावलं:
तलवारवाला घाव घालत सुटतो,
तुझा एका फेरीत एकच,
पण वर्मावर.
त्यासाठी हे जास्तीचे फासे, मूठभर.
अट एवढीच, त्याने तुला पाहिलेलं नसावं,
नाहीतर तुझं कुणीतरी
त्याच्या पाच फुटांच्या आत उभं असावं,
त्याचं लक्ष खात.

"म्हणजे पाठीत खुपसायलाही सोबत लागते?"
"लागते."
चोराच्या मनात चांदणं पडलेलं
मी समोरून पाहिलं.

ते कुणीतरी म्हणजे कायम ऑरिन.
ऑरिन ट्वाइट, तीस वर्षं लोहखनिजाच्या धक्क्यावर.
नियम त्याने कधी वाचलेच नाहीत.
पाळी आली की "मी पुढे",
आणि रंग उडालेला शिशाचा शिपाई
दोन बोटांनी सरकवायचा राक्षसाच्या नाकासमोर.
तलवार बहुतेक वेळा हवेतच.
अकरा वर्षांत त्याने मोठं काही मारलं नाही.
मारलं ते मार्लिसने,
त्याच्या खांद्याआडून.

नोव्हेंबरात बर्फ उपसताना तो पडला.
उजवी बाजू गेली. शब्द गेले.
त्याच्या खुर्चीवर किपचं दप्तर आलं.

थिसल एकटीने लपायला शिकली,
खांबाआड, पिंपाआड, स्वतःच्या सावलीत.
आगीचा लोळ आला की चोर अंग चोरतो,
निम्मी आग वाया जाते, तोही नियम आहे.
पण उरलेली निम्मी लागतेच.
आणि खंजीर चालला तरी एकच फासा,
टेबलावर एवढासा आवाज.

काल सोल्वेगने बापाला खाली आणलं,
बारा पायऱ्या, पाव तास.
दप्तर उचललं गेलं.
पुलावर राक्षस होता, मार्लिसची पाळी होती.

सोळा वर्षांच्या किपला वही पाठ आहे.
तो म्हणाला, "पण शेजारचा असमर्थ असेल
तर तो धरत नाहीत ना?"
आणि लगेच जीभ चावली.
तो शिपायाबद्दलच बोलत होता.
मी पान उलटलं. माझ्याच पेन्सिलीत, नोव्हेंबरचं:
*ऑरिन. कोळ्याचं विष. हालचाल बंद.*

बॉयलर खोकला.
मग मी वीस बाजूंचा फासा
त्याच्या डाव्या हाताशी ठेवला.
"विष झटकायचंय. टाक."

तो टाकला गेला नाही, निसटला,
टेबलावरून थेट रंगाच्या डब्यांमागे.
मी बॅटरी घेऊन गुडघ्यांवर गेलो.
वर कोणती बाजू होती, ते मी सांगणार नाही.
"उठला," मी म्हणालो.

डावा हात बाहीसकट आला,
पेल्याला धडकला, पुलाचा कठडा पाडला,
आणि शिपाई तिरका, जवळजवळ आडवा,
राक्षसाला टेकला.
"उफ्-दा," ऑरिन म्हणाला.
एवढा एक शब्द त्याच्याकडे राहिलाय.

मार्लिसने सात फासे ओंजळीत घेतले
आणि कितीतरी वेळ नुसते खुळखुळवले.

सोल्वेगने हळूच विचारलं,
"बाबांनी आत्ता नेमकं काय केलं?"
"काही नाही," किप म्हणाला.
"शेजारी उभे राहिले."

बेरीज तेवीस.
राक्षसात अजून नऊ उरले होते.