पाट्या वाहून गेल्यावर

पूर ओसरला तेव्हा बागेत झाडं होती,
नावं नव्हती.
एकशे चौदा पाट्या, पत्र्याच्या, माझ्या हातच्या,
हिरव्यावर पांढरं, खाली बारीक लॅटिन.
कृष्णा घेऊन गेली.
एक म्हणे म्हैसाळच्या बंधाऱ्यापाशी मिळाली कुणाला,
त्यानं ती खुराड्याच्या दाराला लावली.
कोंबड्या आता अर्जुन कुळातल्या.

रजिस्टर भिजून भाकरीसारखं टम्म फुगलेलं.
ज्या साहेबांना सगळं तोंडपाठ, ते रत्नागिरीला बदलून गेलेले.
फोनवर म्हणाले, फोटो पाठव.
फोटोत सगळी एकसारखी:
कमरेपर्यंत गाळ, वर थोडी पानं.

मी रंगारी.
मला अक्षरं येतात, झाडं येत नाहीत.
वीस वर्षं खाली मान घालून नावं काढली,
नावामागं कोण उभं आहे
ते वर बघून विचारलं नाही.

महापालिकेचा हुकूम आला, रविवारी फाटक उघडा.
मी कोऱ्याच पाट्या तारेनं अडकवल्या
आणि डबा, ब्रश घेऊन बाकावर बसलो.

मिरजेत दवाखाने फार,
दवाखान्यात वाट बघणारे त्याहून फार.
पहिली आली जतची मल्लव्वा.
नवरा डायलिसिसला, हिला चार तास रिकामे.
काटेरी झाडापुढं उभी राहिली, पदर सावरला,
माहेरचं कुणी भेटावं तशी.
"हिंगणबेट की ओ हे!
ह्याच्या फळाच्या फेसात आमी लग्नातलं रेशमी धुयाचो.
ह्याला फाटकाच्या आत कोंडलंय व्हय तुमी?"
मी लिहिलं: हिंगणबेट.
खाली लॅटिनपुरती जागा सोडली.

कुपवाडच्या कारखान्यातला पोरगा
एक फळ चिरडून बोटं चिकटवून बघत बसला:
भोकर. शाळेत वह्या ह्यानंच डकवायचो.
एका झाडाला तिघांनी तीन नावं दिली,
भांडले, चहाला एकत्र गेले.
मी तिन्ही लिहिली. पाटी पुरली नाही.

कोपऱ्यातलं उंच झाड मात्र कुणाला येईना.
पुरात त्याची एक मोठी फांदी चिरफाळून लोंबत होती.
शुक्रवारी दुपारी दस्तगीरचाचा आले, सतार करणारे,
गुडघेदुखीवर डॉक्टरनं चालायला सांगितलेलं म्हणून.
चालता चालता थांबले.
वर बघितलंच नाही.
फांदीच्या तांबूस जखमेला नाक लावलं.

"चाळीस वर्षं हेच तासतोय," म्हणाले,
"फळ्या येतात ट्रकनं.
याला पानं असतात हे
माहीत होतं रे, पण बघितलं नव्हतं."

मग बोटाच्या पेरानं खोडावर टकटक केली
आणि थोडा वेळ तसेच उभे राहिले,
कुणाच्या दारात उभं राहतात तसे.

मी विचारलं, किती सतारी निघतील यातून?
चाचांनी माझ्याकडं असं बघितलं
की मी डब्यातला रंग ढवळायला लागलो.

लोंबणारी फांदी तेवढी मागितली त्यांनी.
म्हटलं, सरकारी आहे, अर्ज करा.
केला.
अजून मंजूर नाही.
दर शुक्रवारी येतात,
फांदी सावलीत आहे ना बघतात, कूस बदलून ठेवतात,
तान्ह्याला निजवताना बदलतात तशी.
"वाळायला बारा वर्षं लागतात," म्हणतात,
"कागदाला तेवढीच लागू देत.
माझी घाई नाही, सुनेचा मुलगा करेल."

त्या दिवशी पाटी घेऊन विचारलं होतं,
चाचा, नाव सांगा.
"तून."
ऱ्हस्व की दीर्घ?
चाचा हसले. शाळा चौथीपर्यंत.
झाडाकडं तोंड करून म्हणाले,
"ओढून म्हण."
आणि म्हणून दाखवलं,
इतकं लांब की शेजारच्या बाकावरची बाई
रिपोर्टातून मान वर करून बघायला लागली.

मी दीर्घ काढला.
त्याचं शेपूट पाटीच्या कडेपर्यंत गेलं,
लॅटिनला जागा उरली नाही.