वाटीतलं पाणी तो पीत नाही

हे कळायला आम्हांला दोन दिवस लागले.
तोवर जास्वंदीच्या फांदीवर
तो मुठी आवळून बसलेला, डोळे खोल गेलेले,
आणि मी वाटी पुढे सरकवत होते
जशी रुसलेल्या पाहुण्यापुढे सरकवतात.

साखळीहून येताना गुणाजींना दिसला,
मागचा पाय स्कूटरखाली गेलेला,
तरी एक पाऊल पुढे, अर्धं मागे,
जणू रस्त्यालाच विचारतोय, येऊ का.
हेल्मेटात घालून आणला.
शेजारच्या शेवंतीबाई कुंपणापलीकडूनच ओरडल्या,
घोयरा सरडा तो! फुंकरला तर माणूस आंधळा होतो!
आम्ही दोघं त्याच्यासमोर बसून राहिलो.
दिसत राहिलं.

फॉरेस्टचा गार्ड, शांबा गांवस,
मोटारसायकल बंद न करताच म्हणाला,
वहिनी, हा पाळायचा नसतो, कायदा आहे.
पाय धरेपर्यंत ठेवा, मग मी येतो.
आणि गिअर टाकताना: पाणी पानावरून द्या. थेंबथेंब.
साठलेलं पाणी त्याला पाणी वाटत नाही.

थेंब म्हटल्यावर गुणाजी उठले,
माळ्यावरून सलाईनची नळी काढली.
भाईंच्या शेवटच्या पंधरवड्यातली.
अजून का ठेवलीत, मी विचारलं नाही.
बाटली खिळ्याला टांगून, चाक फिरवून
त्यांनी थेंब मोजले: मिनिटाला वीस.
तेव्हाही तेच मोजायचे, रात्रभर.

पान चमकलं.
एक डोळा पानाकडे वळला, दुसरा आमच्यावरच,
मग जबडा उघडला, हळू,
आणि गळ्याखालची कातडी हलली.
पितोय, गुणाजी म्हणाले. भाईंना सांगावं तसं.

माझ्या हाडांच्या गोळ्या आता दोघांत:
अर्धी मी गिळते,
अर्धी कुटून नाकतोड्यांवर भुरभुरवते.
नाकतोडे पकडायला मी या वयात शिकले.
टाळी वाजवायची नाही, ओंजळ टाकायची.

खाण बंद झाल्यापासून गुणाजी
सकाळचे बाल्कांवात नुसते बसत.
आता उन्हामागे कुंडी सरकवतात,
इंच इंच,
चढावर भरलेला टिपर मागे घ्यावा तशी.

सरड्यासारखा रंग बदलला, लोक म्हणतात.
लोकांनी त्याला झोपलेला पाहिलेला नाही.
रात्री मच्छरदाणीत टॉर्च मारला तर
तो पेजेच्या रंगाचा.
बावीस वर्षांत गुणाजींचे मला तीनच रंग ठाऊक:
धुळीचा, आंघोळीनंतरचा, रागाचा.
एका दुपारी जीभ सुटली, नाकतोडा गेला,
आणि गुणाजी इतके मोठ्याने हसले
की त्यांची डावीकडची एक दाढ पडलीय
हे मला त्या दिवशी कळलं.

पाय धरला. थोडा वाकडा, पण फांदी पकडणारा.
पर्येच्या वाटेवर शांबाने त्याला किंदळीला लावला.
मागे वळून पाहिलं का?
एका डोळ्याने पाहिलं असेल.
दुसऱ्याने नाही.

नळी अजून तिथेच. जास्वंदीला मिनिटाला वीस.
काढा म्हणावं, तर
कळ्याही खूप धरल्यात.

आज कुंपणाकडचं गवत उपटताना
हात आपसूक गेला.
आता उभी आहे, मूठ मिटून,
आत काहीतरी लाथा मारतंय
आणि बाल्कांवातून गुणाजी विचारतात,
मोठा आहे का गं?