साक्षीदार भत्ता

रात्री साडेआठला, राजारामपुरी आठव्या गल्लीत,
मी हेगच्या कोर्टाचं अंदाजपत्रक उघडते.
तिकडं दुपारचे चार.
खाली कुणाच्या तरी बुलेटला किक बसत नाही
आणि पडद्यावर सतरा देशांचे प्रतिनिधी
एकेक ओळ नखानं खरवडून बघतायत.

न्याय हा शब्द या तक्त्यात कुठंच नाही.
आहे दुभाषांचा तासाचा दर,
कोठडीतल्या आरोपीचा दंतवैद्य,
पुराव्याची खोली गार ठेवायचं वीजबिल,
आणि परिशिष्ट चार, ओळ दोनशे अकरा:
साक्षीदारांसाठी गरम कोट, नग चाळीस.

"हे कोट," एक गृहस्थ म्हणतात,
फार सौजन्यानं म्हणतात,
"साक्षीदार स्वतः आणू शकणार नाहीत का?"

मी माइक बंद करते.

"किती कापाय लागल्यात?" आतल्या खोलीतून अप्पा.
केरबा ईश्वरा घाटगे, वय चौऱ्याऐंशी,
भाऊसिंगजी रोडच्या जुन्या कोर्टातले नाझर.
जज्ज बदलून जायचे, नाझर राहायचा:
शाई, सुतळी, बेलिफाच्या सायकलचं पंक्चर,
जप्तीत आलेली म्हैस.
म्हशीला तारीख पडल्याचं कळत नाही,
तिला वैरण रोज लागते,
असं त्यांनी एकदा रीतसर वर लिहून कळवलं होतं.

"चार टक्के, अप्पा."
"मग आधी चहा काप.
साक्षीदाराला हात लावू नगंस."

आणि मग, कुणी न विचारता,
"अक्काताई दादू सुतार, म्हासुर्ली.
अकरा रुपये चाळीस पैसे."

साक्ष झाली तेव्हा उन्हं उतरली होती.
राधानगरीची शेवटची गाडी सुटेल म्हणून बाई
अंगठा न देताच पळाली.
भत्ता तिजोरीत राहिला.
अप्पांनी तो दर मार्चला नव्या रजिस्टरात घेतला,
मागील पानावरून पुढे,
सहा वर्षं.
ऑडिटवाला म्हणाला, सरकारजमा करा.
अप्पा म्हणाले, बाई जिती हाय.

शेवटी एका रविवारी रजिस्टर पिशवीत घालून
स्वतःच एस.टी.त बसले.
जायचं यायचं तिकीट भत्त्याहून जास्त झालं,
ते कुठल्याच हेडखाली बसलं नाही.
बाईनं भात मळता मळता हात पुसले, अंगठा दिला,
पैसे मोजले, पदराला गाठ मारली.
मग विचारलं,
"निकाल काय लागला ओ?"

अप्पांना माहीत नव्हतं.
नाझराकडं निकाल येत नाही.
येतात खुर्च्या, कुलपं, पावत्या.
"त्येवढं बघून यायला पायजे हुतं,"
हे ते आजही म्हणतात,
म्हशीची गोष्ट सांगून हसल्यावर सुद्धा.

मलाही माहीत नसतं.
त्या चाळिसांतल्या कुणी कुणाला ओळखलं,
कोण काचेपलीकडे बोलता बोलता थांबलं,
मला फक्त कळतं की थांबल्याचे दुभाषाला पैसे द्यावे लागतात.
जिथून ती माणसं येतात
तिथं थंडी म्हणजे पहाटेची एक गोधडी.
विमानतळाच्या दारात
उत्तर समुद्राचं वारं त्यांच्या अंगात शिरतं
आणि सकाळी दहाला त्यांना आठवायचं असतं
नीट, तारखेवार.

मी माइक सुरू करते.
सौजन्यानं म्हणते, परिशिष्ट एक बघूया का,
ओळ नऊ, प्रतिनिधींच्या बैठकीतली कॉफी व अल्पोपाहार.

सतरा चौकोनांत शांतता.
कुणीतरी खाकरलं.
खालची बुलेट एकदाची सुरू झाली.

अकरा वाजता ठरलं:
कॉफी निम्मी, कोट बत्तीस.

"बत्तीस?" अप्पा जागेच होते.
"आणि ती आठ मानसं?"
मी म्हटलं, अजून नावं आलेली नाहीत, अप्पा.
त्यांनी अडकित्ता उघडला,
सुपारीचा एक काप बोटांत धरून बराच वेळ बघितला.

"मग आठ पुढं ओढ," म्हणाले.