सहामाही

दर सहा महिन्यांनी, रात्री नऊनंतर
मी कांडीची ताटली पालथी घालतो.
रक्त उपाशीपोटी द्यायचं असतं.
सकाळी ती पालथ्या ताटलीला नाकाने ढकलत
घरकुलाच्या अंगणभर फिरवते,
आणि मग मलाही चहा घशाखाली उतरत नाही.

"चांगली हिंडतीय की," बायको दारातून म्हणाली,
"बऱ्या जिवाला कशाला सुई?"
मला नीट सांगता आलं नाही.

बत्तीस वर्षं लूम चालवला.
कापडात दोष दिसेपर्यंत
हातभर कापड वाया गेलेलं असतं.
त्याआधी आवाज बदलतो.
खटखटीतली एखादीच खट जरा दबकी येते,
हात तेव्हाच घालायचा.

कांडीचा आवाज तर तोच आहे.
फक्त ओट्याच्या दुसऱ्या पायरीवर ती थांबते,
काहीतरी आणायला विसरल्यासारखी.

पहिला रिक्षावाला कुत्रं बघून निघून गेला.
दुसरा आमच्याच शेडमधला, म्हसय्या.
काही न बोलता त्याने सीटवर गोणपाट टाकलं.

माशाळ डॉक्टरबाई पुढच्या पायावरचे केस काढतात,
इवलासा चौकोन,
वापरून वापरून लव गेलेल्या टॉवेलसारखा.
मी तिचं डोकं काखेत धरतो.
ती पंख्याकडे बघत राहते.
एक नळी जांभळ्या टोपणाची, एक लाल.
बस्स, एवढंच.

लॅबमधलं पोरगं फॉर्म भरतं.
नाव? कांडी.
पूर्ण नाव?
मी गप्प.
त्याने मग आपल्याच मनाने लिहिलं:
कांडी अंबादास गाजूल. वय तेरा. स्त्री.
सुताच्या वेस्टच्या ढिगातून उचलली होती,
तेव्हा डोळेसुद्धा उघडले नव्हते हिचे.

संध्याकाळी रिपोर्ट.
क्रिएटिनिन मागच्या खेपेला एक पॉइंट चार होतं,
आता एक पॉइंट आठ.
"घाबरू नका, लवकर कळलंय," बाई म्हणाल्या.
"शेंगाचटणी बंद. पाणी भरपूर.
आणि आता तीन महिन्यांनी या."

सहाचे तीन झाले,
तेवढं मी घरी सांगितलं नाही.

"काय निघालं?"
काही नाही. पाणी जास्त पाजायचं म्हणाल्या.

नळाला कालच येऊन गेलं होतं,
पुढचं पाणी पाचव्या दिवशी.
बायकोने माझ्याकडे जरा वेळ बघितलं,
पदर खोचला, पिंप तिरका केला
आणि पातेलं काठोकाठ भरून
अंगणात ठेवलं.
"रा, कांडी. रा."