लॉरेलच्या डहाळ्या

मोरकॅमच्या वाचनालयात मंगळवारी
विनिफ्रेड थ्रेलफॉल येतात, ओला रेनकोट खुर्चीला अडकवतात
आणि म्हणतात, "चल, दाखव.
म्हणजे, ऐकव."

सहा महिने खपून मी केलेला नवा कॅटलॉग.
माथ्यावर मुखपृष्ठांची पट्टी,
दर चार सेकंदांनी आपोआप सरकणारी.
समितीनं टाळ्या वाजवल्या होत्या.

बाईंनी आधी स्क्रीनच विझवला.
एक इअरफोन त्यांच्या कानात, एक माझ्या.
बटन.
बटन.
बटन.
चित्र, आय एम जी शून्य चार सात दोन.
लिंक, इथे क्लिक करा.
लिंक, इथे क्लिक करा.
"इथे म्हणजे कुठे?"

इस्पितळाच्या टेलिफोन बोर्डावर तीस वर्षं काढलेल्या त्या.
यंत्राला इतकं पळवतात की मला ऐकू येते
नुसती तडतडणारी मोहरी.
त्यांना त्यात शब्द सापडतात, जिथे मी ठेवलेले असतील तिथे.

आमच्याकडे एक म्हण आहे, ती मी सांगितली नाही:
आंधळं दळतं, कुत्रं पीठ खातं.
वीस मिनिटं बाई दळत होत्या.
पीठ कोण खात होतं ते मला दिसत होतं,
दर चार सेकंदांनी.

मधेच पट्टी सरकली, बोट होतं ती जागाच गेली.
"वाळू हलली," त्या म्हणाल्या.

मग सांगितलं. नऊ वर्षांच्या होत्या,
डोळ्यांत उजेडाची एक फट उरलेली.
वडिलांचा हात धरून ओहोटीत आर्नसाइडहून खाडी ओलांडली.
वाटाड्या आदल्या दिवशी जाऊन
वाळूत लॉरेलच्या डहाळ्या रोवून आलेला.
लॉरेलच का, तर भरतीतही त्याची पानं गळत नाहीत.
"हाताला पान लागलं की समजायचं,
इथवर जमीन आहे.
मग पुढचं पान.
दोन्ही बाजूंना काय होतं ते मी कधी विचारलं नाही."

त्या रात्री मी पट्टी काढून टाकली.
समितीच्या ईमेलला अजून उत्तर दिलेलं नाही.
शीर्षकं रोवत गेले: पहिली पातळी, दुसरी, तिसरी.
बटनांना नावं दिली, बारशाला देतात तशी, एकेकाच्या कानात.
चार हजार दोनशे मुखपृष्ठांचं वर्णन.
रंग लिहायचे की गाळायचे, इथे अडले.
"लिही की," बाई फोनवर म्हणाल्या,
"निळा मला आठवतो.
दिसत नाही म्हणून विसरले, असं कुणी सांगितलं तुला?"

पुढल्या मंगळवारी त्या सरसर चालल्या.
एच, एच, एच. पान, पान, पान.
आणि एका जागी यंत्र गप्प.

"इथे काहीतरी आहे ना?
शांतता जरा लांब आहे."

लँकेस्टर सोडून गेलेल्या एका नर्सनं ठेवलेली
अकरा मराठी पुस्तकं.
इंग्रजी आवाजाला देवनागरी म्हणजे कोरी भिंत.
बाकी साऱ्या दारांना कड्या लावत सुटले होते मी,
माझ्याच घराच्या दाराला विसरले.

एक छोटासा शब्द कोडमध्ये: भाषा, मराठी.
आणि वाचनालयाच्या त्या कोपऱ्यात
एक सपाट, नाकातला आवाज बोलला
'आभाळ'.
मी काही क्षण कीबोर्डला हात लावला नाही.

"पुन्हा लाव," विनिफ्रेड म्हणाल्या.
शेवटच्या अक्षराशी जीभ वळवून पाहिली,
आभाल,
आभाड,
मग स्वतःशीच हसल्या.
"याचा अर्थ?"
मी खिडकीकडे बोट दाखवलं,
लगेच हात खाली घेतला
आणि शब्दांत सांगायला लागले.
खाडीवर ते जरा उघडलं होतं.
निळं, म्हणाले. थोडंसंच. उजवीकडे.

रेनकोट अजून ओलाच होता. तो घालत त्या म्हणाल्या,
"तारखेचा रकाना बघून ठेव.
तिथे मी अजून गुडघ्यापर्यंत रुतते."