फक्की

बावीस वर्षं मी पेठ रोडच्या मैदानावर फक्की मारतो.
दोरी ताणायची, डबा हलवायचा, चुना सांडत जायचा.
खांबापासून खांबापर्यंत आठ पाट्या
माझ्या पायांना पाठ आहेत.

गायधनी सर नव्या पोरींना
खांबावरचा सूर दाखवतात
तो मी किती वेळा पाहिला असेल?
हजारदा म्हणा.
डावा पाय आडवा, एक हात खांबाला,
मग सावळघाटात एसटी झुकते तसं
अख्खं अंग बाहेर
आणि मोकळा हात पळत्या पाठीला शिवून येतो.
सांगायला सांगा, झोपेत सांगेन.
करायला...
एकदा केला होता, सगळे गेल्यावर.
खांब छातीत बसला, चष्मा फुटला.
बायकोला सांगितलं, मोरीत घसरलो.

सरांचा गुडघा आता कुरकुरतो, तरी दाखवतात.
पंधरा पोरी समोर.
कुणी नख खातंय, कुणाचं लक्ष भेळेच्या गाडीवर,
माना मात्र सगळ्यांच्या हलतात, समजलं सर, समजलं.

सुरगाण्याकडची हिरा भोये मान हलवत नाही.
उकिडवी बसते
आणि तिची बोटं मातीत वळतात
सरांच्या बोटांबरोबर.
डिसेंबरच्या सामन्यात
शेवटचा गडी तिच्या हातून अर्ध्या वितीनं निसटला.
ती अर्धी वीत तिनं वसतिगृहात नेली,
ताटाशेजारी ठेवली, उशाला घेतली.
"सर, परत. नुसता पायच दाखवा."
"अगं, म्हातारा मरेल," सर म्हणाले,
आणि दाखवला.

पोरी पांगल्या. ती माझ्याकडं आली.
"काका, मूठभर फक्की द्या."
तळव्यांना फासली.
"मी सूर मारते.
तुम्ही फक्त बघा, पाय कुठं उमटतो."

फक्त बघा!
बावीस वर्षांत हे काम मला कुणी दिलं नव्हतं.
मी डबा खाली ठेवला.

खांबाच्या अलीकडे पांढरा पाय पडला,
टाचेपाशी फरफटलेला.
"टाच फिरली," मी ओरडलो, "सरांची फिरत नाही!"
हे मला माहीत होतं
हे मलाच माहीत नव्हतं.

सात वेळा फिरली. आठव्यांदा कमी.
मग अंधार झाला, पोरगी दिसेना,
नुसते चुन्याचे तळवे
खांबाभोवती जाताना दिसत होते.
जमला का म्हणून मी विचारलं नाही.
ती पण बोलली नाही,
मूठभर फक्की आणखी मागितली.

मखमलाबाद नाक्यावर सिटी बस हलायला लागली होती.
मी धावत दांडीला हात घातला
आणि पायरीवर माझा डावा पाय
आपसूक आडवा पडला,
टाच जागच्या जागी.

"काका, लटकू नका," कंडक्टर म्हणाला,
"आत सरका."
सरकतो म्हटलं, बाबा.
एक स्टॉप थांब.