काठावरची बोटं

कॅमेरा माझा नव्हता.
मिरजेतल्या शेडबाळे फोटोवाल्यांनी दुकान मोडलं
तेव्हा पडदे गेले, स्टँड गेले, मुलांना बसवायचा लाकडी घोडासुद्धा गेला,
हा तेवढा उरला. विटेएवढा जड,
आणि भिंग एका जागी न बसणारं:
बटण दाबलं की डावीकडून उजवीकडे मान वळवून बघतं,
उंबऱ्यातून गल्लीत डोकावणाऱ्या बाईसारखं.
"न्या ताई. ह्याचं कुणी काही करत नाही."

मी एक्स-रे काढणारी बाई.
तीस वर्षं माणसांना सांगितलं,
श्वास धरा, हलू नका.
आता यंत्रच हलणार होतं.

पहिला रोल दवाखान्याच्या काळ्या खोलीत धुतला, कुणाला न विचारता.
छत्तीसच्या रोलात एकवीसच फोटो, लांबच लांब, नाडीसारखे.
सांगलीचा पूल धनुष्यासारखा वाकलेला,
एक सायकलवाला ताणून दीड झालेला,
आणि दोन्ही काठांना धूसर, जाडसर काहीतरी.
निरखून बघितलं. माझीच बोटं.
इतकं रुंद बघतो हा
की धरणाराही सुटत नाही.

मग एकेक जण सापडत गेला.
आटपाडीचा काशिलिंग सरगर. त्याच्या कॅमेऱ्याचा ड्रम मध्येच अडकायचा,
प्रत्येक फोटोत एक पांढरा पट्टा, दार किलकिलं राहिल्यासारखा.
कुपवाडला लेथवर असलेला दस्तगीर बारगीर.
तासगावचे बिरनाळे सर, चित्रकलेचे, निवृत्त.
एक खाकी पाकीट फिरायला लागलं:
आपला जुना फोटो काढायचा, नवा घालायचा, पुढच्याला धाडायचं.
मागे पेन्सिलीने,
"थंडीत अडकतोय. काय करू?"
खाली दुसऱ्या अक्षरात,
"आतलं ग्रीस पुसून टाक. घड्याळाचं तेल, सुईच्या टोकावर राहील इतकंच."

दोन वर्षं कुणी कुणाचं तोंड बघितलं नाही.
मला मात्र सगळे ठाऊक.
दस्तगीरच्या तर्जनीला शेवटचं पेर नाही.
काशिलिंगचं एक नख निळं, मग काळं, मग नवं.
बिरनाळे सरांचे सांधे महिन्यामहिन्याने फुगत चाललेले.
फोटोच्या मागे लिहिलं, सर, एकदा हात दाखवून घ्या.
उत्तर आलं,
"बाई, तुमचं क्षितिज फार खाली जातंय."

पौषात दंडोबाच्या डोंगरावर भेटलो.
आधी हात बघितले, मग तोंडं.
सरांना आता चावी फिरवता येत नव्हती.
दस्तगीरने खिशातून पितळेची मूठ काढली,
लिंबाएवढी, कडेला खाचा पाडलेली,
आणि काही न बोलता बसवून दिली.
सरांनी दोनदा उगाचच फिरवून बघितली. एक फ्रेम वाया.

पाठीला पाठ लावून तिघं उभे राहिले की
सगळं क्षितिज मावतं, असा हिशोब होता.
आम्ही चौघं. चहा निवेपर्यंत वाद,
शेवटी मी बाजूला झाले, मोजायला.
एक, दोन,
आणि सवयीने तोंडातून गेलं, श्वास धरा.
तिघांनी खरंच धरला.
तीन भिंगं करकरत फिरली.

रात्री एक्स-रे बघायच्या दिव्यावर तिन्ही निगेटिव्ह शेजारी शेजारी लावल्या.
द्राक्षांचे मांडव, मिरजेकडचा धूर,
पवनचक्कीचं एक पातं लवलेलं.
माणूस एकही नाही.
फक्त सांध्यांवर बोटं, ह्याची डावी, त्याची उजवी,
कुठलं कुणाचं ते मला विचारा.
दोन सांधे नीट जुळले. तिसऱ्यावर
डोंगराची ओळ करंगळीभर घसरलेली,
सरांच्या बाजूला.

छाप काढले. तिसऱ्याच्या मागे लिहिलं,
"सर, तुमचंही खाली जातंय."
आणि पाकीट तासगावला टाकलं.